चार वायरी

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की महिन्याभरात घरात एक जाडजूड फाईल तयार होते. पीएसए या रक्ततपासणीचे आकडे, एमआरआय, बायॉप्सीचा रिपोर्ट, गाठ किती आक्रमक ते सांगणारा ग्लीसन स्कोअर, हाडांचा स्कॅन, मेडिक्लेमचे कागद. डॉक्टरांच्या खोलीत मुलगा प्रश्न विचारतो, सून लिहून घेते, बाई फाईल मांडीवर धरून बसलेल्या असतात. किती दिवस ॲडमिट, लघवीची नळी कधी निघणार, पथ्य काय. मग डॉक्टर विचारतात, "आणखी काही?" आणि ज्याच्या शरीराबद्दल हे सगळं चाललेलं असतं तो बासष्ट वर्षांचा गृहस्थ म्हणतो, "नाही, बाकी काही नाही."

बाकीचं, म्हणजे नवरा-बायकोच्या संबंधांचं, सहा-आठ महिन्यांनी बाहेर येतं, तेही एकटा आला तर, उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर. तोवर उपयोगाचा बराच काळ वाया गेलेला असतो.

लोकांच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: हे सगळं संपलं की वाचलं? शरीराच्या हिशेबात ते चार प्रश्न आहेत. इच्छा होणं, लिंग ताठ होणं, वीर्य येणं आणि शेवटचा तो सुखाचा क्षण. ही चार कामं चार वेगळ्या वायरींवर चालतात. चारही दिवे जन्मभर एकाच बटणावर लागत आल्यामुळे आपल्याला वायर एकच वाटते. प्रोस्टेटच्या उपचारांत मात्र शस्त्रक्रियेत एक-दोन तुटतात, हार्मोनच्या इंजेक्शनात वेगळीच तुटते, रेडिएशनमध्ये हळूहळू झिजतात. कुठली तुटली ते कळल्याशिवाय गोळी, पंप, सुई यातलं काय कामाचं ते ठरवता येत नाही.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वीर्यातला साधारण पाव भाग द्रव ती बनवते, बराचसा मागच्या दोन शुक्राशयांतून येतो. लिंग ताठ होण्यात तिचा स्वतःचा काही वाटा नाही, भानगड शेजाराची आहे. लिंगाकडे जाणारे मज्जातंतू बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखे, रक्तवाहिन्यांना लगटून, ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी उतरतात. घड्याळाच्या भाषेत पाच आणि सातच्या ठिकाणी. पूर्वी ग्रंथी काढताना हे धागे सरसकट जात आणि ऑपरेशननंतरचं नपुंसकत्व सर्जन गृहीतच धरत. १९८१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडेनला गेले होते. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्याबरोबर त्यांनी मृत अर्भकाच्या शरीरात हे तंतू शोधले. प्रौढाच्या चरबीत जे हाती लागत नव्हतं ते तिथे स्पष्ट दिसलं: तंतू ग्रंथीच्या कवचाबाहेरून जातात. पुढच्या वर्षी, २६ एप्रिल १९८२ ला, वॉल्श यांनी ते जाणूनबुजून बाजूला ठेवून पहिलं ऑपरेशन केलं.

आता ऑपरेशननंतरचा हिशेब. ग्रंथी आणि शुक्राशय दोन्ही निघतात, वृषणांकडून येणाऱ्या नळ्या कापून बंद होतात. त्यामुळे वीर्य कायमचं थांबतं. 'रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब' असं गणित ऐकत वाढलेल्या पिढीला हा कोरडेपणा म्हणजे शक्तीच गेली असं वाटतं. गेलेला असतो तो फक्त द्रव. ज्याला पुढे मूल हवं आहे त्याने मात्र ऑपरेशनच्या, रेडिएशनच्या किंवा हार्मोनच्या पहिल्या इंजेक्शनच्या आधी वीर्य गोठवून ठेवावं. पन्नाशीच्या आतल्या पेशंटला आणि दुसरं लग्न केलेल्याला हे कुणी आपणहून सांगेल याचा भरवसा नाही.

सुखाच्या शेवटच्या क्षणाची संवेदना पुडेंडल नावाच्या वेगळ्या मज्जातंतूवरून जाते, आणि तो ऑपरेशनच्या जागेपासून लांब, कटिपोकळीच्या तळाशी असतो. ही वायर शाबूत राहते. लिंग पूर्ण मऊ असतानाही हातांच्या स्पर्शाने तो क्षण येऊ शकतो. पुष्कळ पुरुषांना साठीपर्यंत हे माहीत नसतं, कारण तशी वेळच आलेली नसते. आणि इच्छा? वृषणं जागेवर, त्यांच्यात बनणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जागेवर, म्हणजे ऑपरेशनने इच्छेला हात लागत नाही. ती मरते ती खचण्याने.

ताठरतेची वायर तेवढी खरी अडचणीची. म्हणून ऑपरेशनच्या आधी दोन कामं करावीत. पहिलं, पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पंचवीस गुणांची. बावीस किंवा जास्त गुण म्हणजे अडचण नाही. ती आधी भरून फाईलला लावावी. मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूमुळे ज्याचे गुण आधीच बारा आहेत त्याला ऑपरेशननंतर वीस मिळणार नाहीत, आणि आधीचा आकडाच नसेल तर पुढच्या सुधारणेचं माप कशाशी लावणार? दुसरं काम म्हणजे सर्जनला थेट विचारणं: तंतू दोन्ही बाजूंचे वाचतील, एका बाजूचे, की एकही नाही? एमआरआयमध्ये गाठ कवचाला कुठे टेकली आहे? गाठ त्या बाजूला बाहेर आली असेल तर तंतू ठेवण्याचा हट्ट धरू नये, कॅन्सर मागे राहील. रोबोट आहे म्हणून नसा वाचतीलच, हाही गैरसमज. रोबोटमुळे सर्जनचा हात बारीक होतो, गाठीची जागा बदलत नाही.

गाठ लहान आणि कमी जोखमीची असेल तर 'लगेच काही न करता नजर ठेवणे' हाही पर्याय असतो. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन आणि निरीक्षण अशा तीन गटांत वाटलं होतं. संभोगापुरती ताठरता सुरुवातीला ६७ टक्क्यांना होती. सहा महिन्यांनी ती निरीक्षणाच्या गटात ५२, रेडिएशनच्या (त्यांना सोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनंही होती) २२ आणि ऑपरेशनच्या गटात १२ टक्क्यांवर आली. सहा वर्षांनी अनुक्रमे ३०, २७ आणि १७. पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपास होते. हे आकडे कुणाला घाबरवायला सांगत नाही. ज्याची गाठ खरोखर सौम्य आहे त्याने तारीख घेण्याआधी ते एकदा वाचलेले असावेत, इतकंच.

ऑपरेशननंतर नळी साधारण सात ते दहा दिवस राहते. संडास जवळ पडावा म्हणून गृहस्थांचं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर येतं. नळी निघते, मग पॅड सुरू होतात, 'तुझी झोपमोड नको' म्हणून मुक्काम लांबतो, आणि वर्षाने बघावं तर दिवाण कायमचा झालेला असतो. बाईंनी पिशवी रिकामी केलेली, पॅड मोजलेले. नर्सचं काम करून करून त्याही बायकोच्या जागेवरून नकळत उठून गेलेल्या असतात. या दिवाणाने जेवढं नुकसान होतं तेवढं कधीकधी सुरीने होत नाही.

लघवी धरून ठेवायचे व्यायाम ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे शिकून घ्यावेत. नळी असताना करू नयेत, निघाल्यावर सुरू करावेत. वायू अडवताना जे आवळतो तेच आवळायचं: पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि कुल्ले सैल हवेत. बरोबर जमतंय का हे आरशात दिसतं, लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जातं आणि वृषणं वर उचलली जातात. हेच स्नायू दुसऱ्या एका लाजिरवाण्या अडचणीतही उपयोगी पडतात. अनेकांना त्या सुखाच्या क्षणीच थोडी लघवी सुटते. आधी मूत्राशय रिकामं करावं, खाली टॉवेल घ्यावा, निरोध वापरावा. लघवीत जंतुसंसर्ग नसेल तर जोडीदाराला अपाय होत नाही. बहुतेकांचं हे महिन्यामहिन्याने कमी होतं.

वाचवलेले तंतूही ऑपरेशनमध्ये ताणलेले, भाजलेले असतात. ते शुद्धीवर यायला अठरा ते चोवीस महिने लागतात. निरोगी पुरुषाचं लिंग रोज रात्री झोपेत तीन-चार वेळा आपोआप ताठ होतं; स्नायूंना ताजं रक्त मिळण्याची ती सोय आहे. तंतू गप्प असताना ही रात्रपाळी बंद पडते. रक्त न मिळालेला मऊ स्नायू हळूहळू चिवट होतो, मग नस जागी झाली तरी रक्त आत टिकत नाही. लांबीही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी भरते. 'दोन वर्षं वाट बघू, होईल आपोआप' या सल्ल्यात खोट आहे ती इथे.

ताठरतेची गोळी या रात्रपाळीच्या जागी येईल अशी सगळ्यांची आशा होती. २०१४ च्या एका चाचणीत रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल घेणाऱ्यांना नऊ महिने गोळी चालू असेपर्यंत फायदा दिसला, लांबीही कमी घटली. पण गोळी थांबवून सहा आठवड्यांनी बिनगोळीची ताठरता इतरांपेक्षा सरस राहिली नाही. तेव्हा रोजच्या गोळीने नस बरी होते असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलवू नये. तिचा उपयोग आहे तो लिंगात रक्त खेळतं ठेवण्यापुरता.

गोळी 'लागू पडली नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती चुकीची घेतलेली असते. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, रिकाम्या पोटी, तासभर आधी. मटणाच्या जेवणावर घेतली तर ती रक्तात उशिरा आणि कमी पोचते. असर चार-पाच तास. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही, असर छत्तीस तासांपर्यंत, म्हणून घड्याळाकडे बघायची घाई नसते. दोन्ही गोळ्यांना स्पर्श, जवळीक, उत्तेजना लागते. गोळी घेऊन टीव्हीवर बातम्या बघत बसलं तर काहीही होत नाही. मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि गोळी त्या संदेशाचा परिणाम लांबवते. म्हणून दोन्ही बाजूंचे तंतू काढलेल्याला गोळीने फरक पडत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत वाचवलेल्यालाही कमीच पडतो. पूर्ण डोसवर सहा-आठ प्रयत्न झाल्याशिवाय निकाल लावू नये. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, आम्लपित्त हे नेहमीचे त्रास. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असेल, किंवा छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला खिशात असेल, तर या गोळ्यांना हातही लावायचा नाही. रक्तदाब एकदम कोसळतो. लघवीसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, अंतर ठेवून लहान डोसने सुरुवात करतात.

पंपाला नस लागत नाही, म्हणून तो पहिल्या महिन्यांतही चालतो. प्लास्टिकचं एका बाजूने बंद नळकांडं, त्याला हाताचा किंवा सेलवरचा पंप, आणि रबरी कडी. जघनाचे केस कात्रीने बारीक करावेत, नाहीतर हवा गळते आणि लोक पंपाला दोष देतात. तोंडाच्या कडेला आणि लिंगाला पाण्यात विरघळणारं जेल लावायचं, नळकांडं अंगाशी घट्ट टेकवायचं, दोन-तीन वेळा दाबायचं आणि थांबायचं. परत दोन-तीनदा, परत थांबायचं. तीन ते पाच मिनिटं. घाईने दाबलं तर कातडीखाली लाल ठिपके उठतात. वृषणाची कातडी आत ओढली जात असेल तर नळकांड्याचं तोंड मोठं आहे, आतला लहान व्यासाचा भाग बसवावा. संभोगासाठी कडी मुळाशी सरकवून मग हवा सोडायची. कडी तीस मिनिटांच्या वर ठेवायची नाही, झोप तर अजिबात काढायची नाही. नुसत्या व्यायामासाठी कडी न लावता रोज दहा मिनिटं पुरतात. पंपाने आलेली ताठरता जराशी गार, निळसर असते आणि मुळाशी डुगडुगते. हे आधी सांगितलेलं नसलं की पहिल्याच दिवशी पेटी कपाटात जाते. दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह नसलेला पंप घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

त्याच्या पुढची पायरी इंजेक्शन. लिंगात सुई, हे ऐकून माणूस खुर्चीतून उठतोच. खरं तर इन्सुलिनची बारीक सुई असते आणि मधुमेह्याला तिचं काही वाटत नाही. या उपचाराचा इतिहासही अजब आहे. १९८३ साली लास व्हेगासच्या युरॉलॉजी परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी हॉटेलच्या खोलीत स्वतःला इंजेक्शन टोचलं आणि व्याख्यानात, सभागृहासमोर, पँट उतरवून परिणाम दाखवला. हशा आणि किंकाळ्या दोन्ही झाल्या म्हणतात, पण मुद्दा पटला. आता अल्प्रोस्टॅडिल वापरतात, एकटं किंवा पॅपाव्हेरिन आणि फेंटोलामिनबरोबर मिसळून. पहिला डोस दवाखान्यातच, आणि ऑपरेशन झालेल्यांना अगदी कमी, अडीच-पाच मायक्रोग्रॅमपासून. जागा लिंगाच्या कुशीची, घड्याळात दहा किंवा दोनच्या ठिकाणी, मुळाजवळच्या भागात. वर मधोमध नसा आणि खाली मूत्रमार्ग असतो, तिथे टोचायचं नाही. बाजू दर वेळी बदलायची. सुई काढल्यावर दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. दहा-पंधरा मिनिटांत परिणाम येतो. आठवड्यात तीनच्या वर नाही, चोवीस तासांत दोनदा नाही. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर लाज गुंडाळून ठेवून रात्री दोन वाजतासुद्धा कॅज्युअल्टी गाठायची. तिथे रक्त काढून घेऊन औषध देतात. सकाळपर्यंत थांबणाऱ्याचा स्नायू कायमचा मरतो.

यातलं काहीच जमलं नाही तर इम्प्लांट, सहसा वर्ष-दोन वर्षांनंतर. वाकवता येणाऱ्या दोन कांड्या, किंवा द्रव भरून फुगणारं यंत्र. फुगणारं परदेशी आणि महाग. वाकणारं देशी इम्प्लांट मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी तयार केलं, ते पुष्कळ स्वस्तात बसतं. एकदा बसवल्यावर माघार नाही, कारण आतले मूळ स्नायू त्यात खर्ची पडतात.

रेडिएशनचा, म्हणजे आपल्याकडचे पेशंट ज्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात त्याचा, परिणाम सावकाश असतो. पहिले महिने सगळं ठीक वाटतं, मग दोन-तीन वर्षांत बारीक रक्तवाहिन्या आकसत जातात. वीर्य कमी होत होत आटतं. गोळ्यांचा उपयोग इथे सहसा बऱ्यापैकी होतो, म्हणून सुरुवातीपासूनच विषय काढावा. शरीरात रेडिओॲक्टिव्ह दाणे बसवले असतील तर पहिले काही आठवडे निरोध वापरायला सांगतात, एखादा दाणा वीर्यातून बाहेर येऊ शकतो. पुरुषाचे संबंध पुरुषाशी असतील तर गुदमार्गाच्या संभोगाला ऑपरेशननंतर सहा आठवडे, बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर दोनेक महिने विश्रांती हवी. डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारत नाहीत, पेशंटनेच विचारावा.

सगळ्यात अवघड हार्मोनचा उपचार, आणि आपल्याकडे त्याच्याशीच अनेकांची गाठ पडते, कारण आजार हाडांत गेल्यावर सापडतो. टेस्टोस्टेरॉनवर हा कॅन्सर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यासाठीच. म्हणून दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा खर्च एकदाच व्हावा म्हणून दोन्ही वृषणं काढणं. इथे तुटते ती पहिली वायर, इच्छेची. गोळीने लिंग ताठ झालं तरी आत काही हलत नाही. अंगातून वाफा येतात, पोट सुटतं, छाती भरते, डोळ्यांत उगाच पाणी येतं. बायकोला वाटतं, आपल्यावर राग आहे. तो तिचा हातही हातात घेत नाही, कारण हात धरला तर पुढचं मागितलं जाईल आणि ते आपल्याकडे नाही. हा गैरसमज एका वाक्याने सुटतो: इच्छा इंजेक्शनने गेली आहे, तुझ्यामुळे नाही. ते वाक्य नवऱ्याला जमत नसेल तर डॉक्टरांकडून तिच्यासमोर वदवून घ्यावं.

इच्छा आपोआप येणार नाही हे धरून चालायचं. भूक नसताना पानावर बसल्यावर दोन घास जातात, तसं काहीसं. आधी ठरवायचं की संभोग करायचा नाही, फक्त अंगाला अंग, तेलाने पाठ चोळणं, दिवा लावून किंवा मालवून. काहींना त्यातून पुढे सुचतं, काहींना नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम थकवा कमी करतो, स्नायू आणि हाडं राखतो. हाडांत आजार असेल तर कुठलं वजन चालेल ते विचारून. इंजेक्शनं ठरावीक मुदतीची असतील, उदाहरणार्थ रेडिएशनबरोबर सहा महिने, तर थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन परतायला आणखी कित्येक महिने लागतात, वय जास्त असेल तर पूर्ण परतेलच असं नाही. या काळात 'ताकदीचं' म्हणून टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा इंजेक्शन मनाने घेणं म्हणजे विस्तवात तूप.

एसटी स्टँडच्या भिंतीवरचा 'गुप्तरोगतज्ज्ञ' आणि ऑनलाइन मिळणारी शक्तीची चूर्णं यांचं गिऱ्हाईक हाच पेशंट. अशा चूर्णांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. फरक पडतो तो त्यानेच, आणि खिशात सॉर्बिट्रेट असेल तर जीव जातो तोही त्यानेच.

काही शंका एका ओळीत सुटणाऱ्या. कॅन्सर संबंधातून बायकोला लागत नाही. संबंधाने तो वाढत नाही. बायॉप्सीनंतर काही आठवडे वीर्य तांबूस, गंजासारखं दिसतं, ते घातक नाही. ग्रंथी जागेवर असेल तर पीएसए तपासण्याआधी दोन दिवस वीर्यपतन टाळावं, आकडा थोडा वर जातो.

बाईंना कुणी काही विचारतच नाही. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली असतात, योनीमार्ग कोरडा, नाजूक झालेला असतो. इकडे दीड वर्ष गोळी, पंप, सुई करून गृहस्थ तयार होतात आणि तिकडे दुखतं, रक्त येतं. त्यांनी "आता या वयात कशाला, अहो" म्हटलं की ते नकार समजतात. पुष्कळदा ते दुखण्याबद्दल असतं. पाण्यात विरघळणारं जेल दोघांनाही लावावं. खोबरेल तेल चालतं, पण निरोधाबरोबर नाही, रबर फाटतं. त्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणजे त्यांची तयारी यांच्या तयारीच्या आधी सुरू व्हायला हवी.

उरली जागेची गोष्ट. दोन खोल्यांत मुलगा-सून, आणि नातू आजी-आजोबांच्या मध्ये झोपणारा. रात्रीचा हट्ट सोडून दुपारचा वेळ धरावा: नातू शाळेत, सून ऑफिसात, जेवण बेताचं किंवा नंतर. पंपाची पेटी बीपीच्या मशीनच्या खोक्यात मावते. इंजेक्शनच्या तयार मिश्रणाची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि ज्या घरात आधीच इन्सुलिन आहे तिथे दारातल्या आणखी एका बाटलीची कुणी चौकशी करत नाही. फक्त तिला वेगळी, झाकणाची डबी द्यावी आणि डबीवर चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे पहाटे चष्मा न लावता इन्सुलिन घेणारा हात चुकीच्या बाटलीवर पडणार नाही.